गंगाराम सिताराम यांच्याकरिता

१

टपाल साडेअकराला यायचं, आणि ते आल्याशिवाय राजश्री गमरे चहासुद्धा घ्यायची नाही. सीबीडी बेलापूरमधल्या एका महामंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर, आवक-जावक शाखेत ती नऊ वर्षं बसत होती. शाखा म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट, एक खिडकी आणि ती स्वतः. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा, पण तो बघायला सवड कोणाला होती.

काम सोपं होतं, निदान ज्यांना ते करावं लागत नव्हतं त्यांना तसं वाटायचं. पाकिटावर आधी हुद्दा असेल तर ते स्टीलच्या फूटपट्टीने वरच्या कडेला फोडायचं, आतल्या कागदावर शिक्का मारायचा, वहीत क्रमांक टाकायचा आणि ज्या त्या शाखेत धाडायचं. आधी माणसाचं नाव असेल आणि वर 'व्यक्तिशः' लिहिलेलं असेल तर मात्र हात लावायचा नाही. ते ज्याचं त्याच्या हातात बंदच द्यायचं, मग तो रजेवर असो, बदलून गेलेला असो, नाहीतर निवृत्त होऊन गावी आंबे मोजत बसलेला असो. नऊ वर्षांत राजश्रीने एकही व्यक्तिशः पाकीट फोडलं नव्हतं. याचा तिला इतका अभिमान होता की नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत ती त्याला हे सांगून मोकळी व्हायची.

घरची गोष्ट वेगळी होती. जानेवारीत तिने आपल्या लेकीचं, प्राचीचं पत्र फोडलं होतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, मुलगी सतरा वर्षांची, बारावी तोंडावर आलेली, आणि नवरा नंदकिशोर गुजरातेत कारखान्यावर, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. मग काळजी कोणी करायची? पत्र निघालं गीतांजलीचं, नागपूरला राहायला गेलेल्या मैत्रिणीचं. फोन असताना या दोघी हौसेने एकमेकींना पत्रं लिहायच्या. आत एका मांजराचं चित्र होतं, आणि त्याखाली आईबाबा वेगळे होताहेत हे कोणालाही सांगू नकोस असं लिहिलं होतं.

प्राची ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, ते माझंसुद्धा नव्हतं. तिचं होतं." त्यानंतर महिनाभर घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. शेवटी राजश्रीने शब्द दिला की यापुढे तुझ्या पत्राला मी हात लावणार नाही. प्राचीने मान डोलावली, पण तेव्हापासून गीतांजलीची पत्रं स्पीड पोस्टने यायला लागली, म्हणजे सही करून प्राचीच्याच हातात पडतील. हे राजश्रीला फार लागलं होतं.

पहिलं पाकीट आलं ते फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी. भगवान पोस्टमनने सहीच्या टपालाचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि यादी पुढे केली. चाळीसएक नावं होती. राजश्रीने सवयीने एकेका नावासमोर सही ठोकली, आणि सहीआधी नेहमीप्रमाणे 'करिता' लिहिलं. अमक्या साहेबांकरिता, तमक्या बाईंकरिता. आवक-जावकचा माणूस दुसऱ्यासाठीच सही करतो, त्याला स्वतःचं पत्र कधी येत नाही. भगवान निघून गेल्यावर गठ्ठा सोडवताना तिला ते खाकी पाकीट दिसलं. निळ्या शाईत, शाळामास्तरासारख्या घोटीव अक्षरात पत्ता होता.

श्री. गंगाराम सिताराम. व्यक्तिशः. द्वारा महामंडळ, तिसरा मजला.

आडनाव नाही, मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही. आणि या इमारतीत गंगाराम नावाचा माणूस नाही, हे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती.

२

तरी तिने विचारलं. आस्थापना शाखेत निखिल होता, त्याने संगणकावर पार निवृत्त झालेल्यांपर्यंत नावं तपासली आणि असा कोणी कधीच नव्हता असं सांगितलं. कँटीनवाला, सफाईचे कंत्राटी लोक, खालचे वॉचमन, सगळे झाले. राजश्रीने पाकीट टेबलाच्या डाव्या खणात ठेवलं. अंगठ्याने चाचपलं तर आत घडी घातलेला एकच कागद लागत होता.

पुढच्या मंगळवारी दुसरं आलं. यावर 'आवक-जावक शाखा, तिसरा मजला' असा पत्ता होता. राजश्री वैतागली. मंडळात चाललेल्या कशाचा माग लागत नाही, आणि या गंगारामला मात्र शाखा बरोबर सापडते. तिने नियमाप्रमाणे टिपणी लिहिली: सदर नावाची व्यक्ती कार्यालयात नाही, पाकिटावर प्रेषकाचा पत्ता नाही, तरी पाकीट उघडून प्रेषक शोधण्यास परवानगी मिळावी. टिपणी अधीक्षक मोकल साहेबांकडे गेली. चार दिवसांनी परत आली, समासात लाल शाईने 'चर्चा करावी'. ती चर्चा करायला गेली तर साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेली तर म्हणाले, अहो मॅडम, व्यक्तिशः पाकीट फोडायची परवानगी मी लेखी कशी देऊ, उद्या काही निघालं तर माझ्यावर येईल. मग तोंडी द्या, असं ती म्हणाली. तोंडी तर मी काहीच बोललो नाही, असं साहेब म्हणाले. फाईलवर नवा शेरा पडला, 'नियमानुसार कार्यवाही करावी'. नियमानुसार काय करायचं हाच तर प्रश्न होता.

तिसऱ्या मंगळवारी तिने भगवानला अडवलं. भगवान जवळच्याच दिवाळे गावचा, पंचविशी उलटून गेली होती त्याची या कामात. तिने ते पाकीट त्याच्या हातात परत दिलं आणि अशी व्यक्ती इथे नाही, घेऊन जा, असं सांगितलं.

भगवानने पाकीट उलटसुलट केलं. "परत धारायचं कुनाला, बाय? मागं नावच नाय."

"मग मी काय करू? माझ्या घरचा आहे का तो?"

"आधीची दोन तुमीच घेतली ना. सई हाय तुमची, त्याच्याकरता म्हनून." त्याने यादीवर बोट ठेवलं. "सई केली म्हंजी मानूस हितं हाय, असंच आमी धरतो."

हे तो अगदी सरळ बोलला, आपल्या कामाची पद्धत सांगावी तसं. मग पिशवी खांद्यावर टाकून तो चौथ्या मजल्यावर निघून गेला. पाकीट टेबलावरच राहिलं. राजश्रीने ते रागारागाने ओढलं आणि पहिल्या दोघांवर टाकणार, तेवढ्यात तिचं लक्ष पत्त्याकडे गेलं.

श्री. गंगाराम सिताराम. व्यक्तिशः. आवक-जावक शाखा, खिडकीजवळचं टेबल, डावा खण.

३

तिला पहिला संशय निखिलचा आला. हा मुलगा चेष्टेखोर होता, गेल्या दिवाळीत त्याने मोकल साहेबांच्या खुर्चीखाली टिकल्या ठेवल्या होत्या. येताजाता त्याने आपल्याला खणात पाकीट ठेवताना पाहिलं असेल. राजश्रीने त्याला जिन्यात गाठून फैलावर घेतलं. निखिल आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून त्याने आईची शपथ घेतली. ती शपथ खरी वाटली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

मग तिने ठरवलं की बघूच. सोमवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने तिन्ही पाकिटं खणातून काढली आणि लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, २०१४ सालच्या आवक वह्यांमागे सरकवली. कपाटाची किल्ली एकच होती, ती तिच्या पर्समध्ये. कोणाला काही बोलली नाही. दिवसभर ती स्वतःला समजावत होती की आपण चाळीशी ओलांडलेली बाई आहोत आणि लपंडाव खेळतो आहोत.

मंगळवार उजाडला. भगवान आला, गेला. खाकी पाकीट गठ्ठ्यात तिसरं होतं.

लोखंडी कपाट, खालचा कप्पा, जुन्या वह्यांमागे.

राजश्रीने ती ओळ दोनदा वाचली. पंखा फिरत होता, शेजारच्या शाखेत कोणीतरी फोनवर भांडत होतं. तिच्या डोक्यात एकापाठोपाठ एक कारणं येत होती आणि एकही टिकत नव्हतं. कॅमेरा असेल? या मजल्यावरचा कॅमेरा दोन वर्षं बंद होता, त्याबद्दलची पत्रं तिनेच आवक केली होती. किल्लीची नक्कल? पण किल्ली केलेली असली तरी पाकीट दोन-तीन दिवस आधी पोस्टात टाकावं लागणार. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख तिने पाहिली. शुक्रवारची होती. पाकिटं तिने हलवली होती सोमवारी.

तेव्हा तिला भीती वाटली का? तर नाही, संतापच आला. कोणीतरी आपल्याला वेड्यात काढतंय आणि आपण कोणाकडे जाऊन ते सांगू शकत नाही, याचा संताप. टिपणीत काय लिहिणार होती ती? पाकीट हलवण्यापूर्वीच पाकिटाला नवा पत्ता कळला, तरी मार्गदर्शन व्हावे? मोकल साहेबांनी त्यावरही 'चर्चा करावी' लिहिलं असतं.

फोडून टाकावं असं तिला त्या आठवड्यात दहा वेळा वाटलं. एकदा फूटपट्टी पाकिटाच्या कडेत घातलीही. पण नऊ वर्षांचा हात, तो पुढे सरकेना. वरच्या बाजूला 'व्यक्तिशः' लिहिलेलं होतं, आणि त्याच्या शेवटची दोन टिंबं शाई जरा जास्त पडल्यामुळे जाड झाली होती.

४

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्यालयाची तपासणी लागली. मोकल साहेब शाखाशाखांतून फिरत प्रत्येकाला कपाटं रिकामी करायला सांगत होते. राजश्रीच्या कपाटात त्यांना सात बंद पाकिटं सापडली आणि त्यांचा आवाज चढला. सात आठवडे न पोचवलेलं टपाल, तपासणीत हे निघालं तर काय उत्तर देणार? तिने टिपणीची आठवण दिली. ते म्हणाले, टिपणीवर मी नियमानुसार म्हटलंय, पाकिटं घेतल्याची सही कोणाची आहे, तुमची. मग जबाबदारीही तुमची. इथे मला ती दिसायला नकोत.

तिने पाकिटं पर्समध्ये कोंबली आणि बसने उलव्याला घरी आणली. इथे तिचं चुकलं, पण ते तिला त्या दिवशी कळायचं कारण नव्हतं.

नवव्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. विमानं आता डोक्यावरून जायची आणि खिडक्यांच्या काचा बारीक गुणगुणायच्या, सुरुवातीला झोप उडायची, मग सवय झाली. कुलूप लागेल असं कपाट घरात एकच होतं, प्राचीच्या खोलीत, म्हणजे आतल्या खोलीत. त्याचा वरचा कप्पा राजश्रीचा होता. घराची कागदपत्रं, तिच्या आईच्या बांगड्या. प्राची क्लासला गेलेली असताना तिने सात पाकिटं त्या कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी ऑफिसात टपाल आलं, त्यात खाकी पाकीट नव्हतं. राजश्रीने दोनदा गठ्ठा उलटा केला. मग तिने चहा मागवला आणि त्याबरोबर बिस्किटंसुद्धा खाल्ली. सुटलो एकदाचे, असं तिला मनापासून वाटलं.

संध्याकाळी सोसायटीच्या लॉबीत प्राची क्लासवरून येताना भेटली. दोघी लिफ्टकडे निघाल्या. प्राचीने पत्रपेटीतून लाइटचं बिल काढलं आणि त्याखालचं पाकीट बघून म्हणाली, "आई, हा गंगाराम कोण?"

श्री. गंगाराम सिताराम. व्यक्तिशः. पुढे त्यांच्या बिल्डिंगचं नाव, नऊशे तीन. आणि शेवटची ओळ, आतली खोली.

राजश्रीने पाकीट तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. ऑफिसचं आहे, चुकून आलंय, असं ती म्हणाली. प्राचीने तिच्याकडे जानेवारीत पाहिलं होतं तसं पाहिलं.

५

घरात शिरल्याशिरल्या राजश्री आतल्या खोलीत गेली. ही घाण आजच्या आज बाहेर काढायची, खाडीत टाकायची, मग नोकरी गेली तरी बेहत्तर. तिने कुलूप उघडलं. कप्पा होता तसा होता, बांगड्यांचा डबा, फ्लॅटच्या कागदांची पिशवी, आणि पाकिटं.

सातही फोडलेली होती.

फाडलेली नव्हती. वरच्या कडेला एकसारखा चिरा होता, पट्टीने फोडतात तसा, तिच्या स्वतःच्या हाताने नऊ वर्षं फोडली तशी. सगळी एकावर एक रचून डाव्या कोपऱ्यात टाचणी लावलेली. आत कागद नव्हते. एकाही पाकिटात काही नव्हतं.

राजश्री पलंगाच्या कडेवर बसली. आणि मग जे कारण हाताशी होतं तेच तिने धरलं. प्राची. जानेवारीचा सूड. किल्ली कुठूनतरी मिळवली, आईची पत्रं फोडली, बघ कसं वाटतं ते. तिने हाक मारली आणि मनात येईल ते बोलली. प्राची दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"मी लोकांची पत्रं उघडत नाही," ती म्हणाली. "तू उघडतेस."

"मग कोणी उघडली?"

"मला काय माहीत? वरचा कप्पा तुझा आहे. मी बघत नाही." प्राचीचा आवाज आता खाली आला होता. "दुपारी अभ्यासाला बसले की कपाटातून आवाज येतो. कागद उलगडल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही, मग परत. चार-पाच दिवस झाले. मला वाटलं तू काहीतरी ठेवलंयस, वाऱ्याने हलत असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं पर्सनल असेल म्हणून."

कपाट तर बंद होतं, मग वारा कुठून येणार? वरून एक विमान गेलं आणि काचा गुणगुणल्या. राजश्रीला लेकीवर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता. ठेवला असता तर दुसरं जे काही होतं त्यावर ठेवावा लागला असता. तिने रिकामी पाकिटं आणि आजचं बंद पाकीट पर्समध्ये भरलं, प्राचीला आज माझ्याजवळ बाहेर झोप म्हणून बजावलं, आणि कपाटाला पुन्हा कुलूप घातलं. आत आता होतं काय, असं स्वतःला विचारूनही घातलं.

६

सकाळी ती प्राचीला म्हणाली की आज माझ्याबरोबर ऑफिसला चल, तिथे बसून अभ्यास कर. प्राची म्हणाली की पुढच्या महिन्यात प्रवेश परीक्षा आहे आणि मला तुझ्या ऑफिसात शिक्क्यांच्या आवाजात अभ्यास करायचा नाही. शिवाय आज गीतांजलीचं पत्र यायचंय, सही मलाच करायला हवी. या 'मलाच'वर जो जोर होता, त्याने राजश्री पुन्हा चिडली. नाहीस येत तर नको येऊ, असं म्हणून तिने चपला घातल्या. बसमध्ये बसल्यावर तिला आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण परत फिरायला तपासणीचा दिवस होता.

साडेअकराला भगवान आला. गठ्ठ्यात सगळ्यात वर खाकी पाकीट होतं. अक्षर तेच, निळी शाई तीच.

कु. प्राची नंदकिशोर गमरे. व्यक्तिशः. द्वारा राजश्री गमरे, आवक-जावक शाखा.

राजश्रीने ते उलटं केलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच मागच्या बाजूला प्रेषक होता. प्रेषक, गंगाराम सिताराम. खाली त्यांच्या बिल्डिंगचं नाव, नऊशे तीन, आतली खोली.

"बाय, तब्बेत बरी हाय ना?" भगवानने विचारलं. ती नुसतीच हो म्हणाली. तो गेला.

तिने प्राचीला फोन लावला. रिंग जात राहिली, अभ्यासाला बसली की प्राची फोनचा आवाज बंद ठेवायची. पुन्हा लावला. शेजारच्या सत्यभामाकाकूंना लावला, त्या पनवेलला लेकीकडे गेल्या होत्या. सोसायटीच्या गेटवरचा नंबर लागेना. मोकल साहेबांकडे गेली आणि अर्धा दिवस रजा मागितली, तर त्यांनी दारातल्या तपासणीच्या माणसांकडे बोट दाखवून हात जोडले. परत टेबलाशी आली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पाकीट तिची वाट बघत होतं.

शब्द दिला होता. तुझ्या पत्राला हात लावणार नाही. प्राचीचं नाव होतं त्यावर, नियमाने आणि शब्दानेही ते प्राचीनेच फोडायचं होतं. आणि फोडलं नाही, तर त्याने तिच्या मुलीला काय लिहिलंय हे कसं कळणार? राजश्रीला रडू आलं. नऊ वर्षं एक नियम पाळला, तो आज कोणाच्या बाजूने होता? तिने फूटपट्टी घेतली आणि वरच्या कडेने सरळ चिरा दिला.

आत एकच कागद होता. पिवळा. त्यांच्याच कार्यालयाची छापील पोचपावती, जिचा गठ्ठा तिच्या उजव्या खणात असायचा. मजकूर निळ्या शाईत भरलेला होता.

पत्र मिळाले. दिनांक आजचा. वेळ बारा वाजून वीस मिनिटे. आणि सहीच्या जागी, घोटीव अक्षरात: कु. प्राची गमरे यांच्याकरिता, गंगाराम.

समोरच्या घड्याळात बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

ती लिफ्टसाठी थांबली नाही. पर्स, फोन आणि ते पाकीट कागदासकट हातात धरून जिना उतरली आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत राहिली. पहिली रिक्षा उलव्याला यायला नाही म्हणाली. दुसरी थांबलीच नाही. तिसरीच्या ड्रायव्हरशी ती बोलत असताना फोन वाजला. प्राची होती. बारा चोवीस.

"आई, तू शब्द दिला होतास," प्राची म्हणाली. आवाज रडवेला होता आणि संतापलेला. "मी आंघोळीला गेले होते, पाच मिनिटं. बाहेर आले तर पोस्टमन लिफ्टमध्ये शिरत होता, म्हणाला घरातल्यांनी सही करून घेतलं. मलाच यायचं होतं ना ते पत्र? ऑफिसातून परत येऊन आता दार लावून बसलीस? मला ऐकू येतंय. तू फोडतेयस."

राजश्रीच्या हातात प्राचीच्याच नावाचं फोडलेलं पाकीट होतं. फोनमध्ये, प्राचीच्या श्वासांच्या मागे, तिला ते स्पष्ट ऐकू आलं. कागदाची कड हळूहळू, एका रेषेत चिरत जाण्याचा आवाज. घाईचा नव्हता. रोज तेच काम करणाऱ्या माणसाचा होता.

"प्राची," ती म्हणाली, "घराबाहेर पड. आत्ता. मी बेलापूरला आहे."

पलीकडे प्राचीचा श्वास थांबला. कागदाचा आवाजही थांबला. रिक्षावाला विचारत होता, जायचं की नाही, मॅडम. मग आतल्या खोलीची कडी, जी आपल्या आईने लावली आहे असं प्राची समजत होती, ती सावकाश निघाली.